ठकीचे मोती

ठकीच्या काखेतला पहिला मोती मी शोधून काढला. घरात कुणी हे विसरलं की मी आठवण करून देते, कारण जन्मात मी लावलेला तो एकमेव शोध. दिवाळी होऊन गेली होती, बाजरी निघाली होती आणि आई उन्हात बसून बारक्या पोरांना अंघोळी घालत होती. ठकी माझी धाकटी बहीण. नुकती बोलायला लागलेली, अंगानं लोण्यासारखी, आवाजानं मात्र कोल्हीण. अंघोळीच्या वेळी तिला धरून ठेवायचं काम माझ्याकडं. मी तिचा हात वर केला, तर काखेच्या घडीत राळ्याच्या दाण्याएवढं काहीतरी चकाकत होतं. गोल, पांढुरकं, मधोमध सुईच्या टोकानं दाबल्यासारखी बारीक खळी. त्याच्या शेजारी आणखी एक, आणि गळ्याशी दोन. मी आनंदानं ओरडले, की आये, ठकीला मोती आले. आमच्याकडं काळ्या मण्यांपलीकडं दागिना नव्हता. तेव्हा बहिणीच्या अंगातूनच मोती उगवायला लागले म्हणजे आपले दिवस पालटले, अशी माझी समजूत. आई वाकून बघत राहिली. हातातला तांब्या तसाच तिरका राहिला आणि पाणी तिच्याच लुगड्यावर सांडत गेलं. मग तिनं ठकीला पदरात गुंडाळलं आणि मला एवढंच म्हणाली, "कुणापाशी बोलू नगंस." मी अर्थातच दिवस मावळायच्या आत सगळ्या वाड्याला सांगून आले.

वाडा म्हटलं की आताची पोरं दगडी भिंती आणि दिंडी दरवाजा डोळ्यापुढं आणतात. आमचा वाडा घोड्याच्या पाठीवर मावायचा. धनगरांची चार-सहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि मेंढरं कोंडायची जाळी, हे सगळं मिळून वाडा. पावसाळाभर आम्ही शिरूरच्या कोरड्या माळावर खोपटांत असायचो. दिवाळी झाली, माळावरचं गवत वाळलं, की वाडा घाट उतरून कोकणात जायचा तो उन्हाळा सरता सरता परत यायचा. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि ठेचा, आणि कधी मेंढीच्या दाट दुधात कुस्करलेली भाकरी मिळाली तर त्या दिवशी भांडण नाही. दिवसभरातला सगळ्यात मोठा आवाज संध्याकाळी व्हायचा. चरून आलेल्या मेंढ्या आणि दिवसभर कोंडलेली कोकरं एकमेकांना सोडली की माळ नुसता ओरडायचा. शेकड्यानं कोकरं, सगळी सारखी, आणि तरी प्रत्येक मेंढी हुंगत हुंगत आपल्याच पोराशी जाऊन थांबायची. थोड्या वेळानं एकदम शांत. त्या शांततेत फक्त दूध ओढल्याचा चुटचुट आवाज. आता मी शिक्रापूरला लेकाच्या फ्लॅटमध्ये राहते. खाली हायवेवर रात्रंदिवस ट्रक भोंगे वाजवतात. सूनबाई म्हणतात, आई, तुम्हाला झोप कशी लागते. मी सांगत नाही, पण मला ते भोंगे एकमेकांना हुडकत असल्यासारखे वाटतात. फक्त ती नंतरची शांतता काही होत नाही.

तर माझ्या दवंडीचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी आप्पा आमच्या खोपटाशी आले. आप्पा म्हणजे वडलांचे चुलते, वाड्याचे म्होरके. मुक्काम कुठं करायचा, मेंढरं खतासाठी कुणाच्या शेतात बसवायची, घाट कधी उतरायचा, हे तेच ठरवायचे. त्यांच्या तोंडावर देवीचे वण होते, आणि त्याच साथीत त्यांची लेकरं गेलेली होती. मला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. धुळीवर चार थेंब पडून गेले की जमीन जशी दिसते तसा आप्पांचा चेहरा, एवढंच मला ठाऊक. त्यांनी ठकीला उजेडाकडं धरायला सांगितलं. बराच वेळ बघितलं, पण हात लावला नाही.

आई पदराआडून म्हणाली, "देवी न्हाई ही. ताप न्हाई, काय न्हाई. खातीया, पितीया, दिसभर खिदळतीया."

"नसंलबी," आप्पा म्हणाले. "पर समदी पोरं एका घोंगड्याखाली निजत्यात, सूनबाई. मेंढराला काय झालं तर आपुन त्याला कळपातनं काढून बांधतो. ह्या डावाला लेकरू वाड्यात न्यायचं न्हाई."

आई म्हणाली, मग मीबी ऱ्हाते. पण ते होण्यासारखं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. वाड्यावर बाप्या मेंढरांमागं जातो. बिऱ्हाड घोड्यावर चढवणं, उतरवणं, पाणी, भाकरी, व्यालेल्या मेंढ्या, लंगडी कोकरं, सगळं बाईकडं. आई नसेल तर वडलांची मेंढरंही वाड्याबरोबर जाऊ शकत नव्हती, आणि माळावर आता त्यांच्या तोंडाला लागेल असं काही उरलं नव्हतं. तेव्हा ठरलं असं, की ठकीला मांडवगण फराट्याला आत्याकडं ठेवायचं, आणि ठकी माझ्याशिवाय राहत नाही म्हणून मलाही. पाऊसकाळ तोंडाशी येईपर्यंत आई दिसणार नाही. त्या रात्री ठकी नेहमीसारखी आईच्या दंडावर डोकं ठेवून झोपली. मी जागी होते, असं मी पुढं सगळ्यांना सांगायची. खरं तर मीसुद्धा ढाराढूर झोपले होते.

आता माझी अक्कल ऐका. कोकरांना मावा नावाचा रोग व्हायचा, ओठांवर खपल्या धरायच्या. तो एकेकाला होत गेला तर वाटेत रोज एक आजारी. म्हणून आप्पा काय करायचे, तर निघायच्या बऱ्याच आधी एका कोकराची खपली दुसऱ्यांच्या कातडीला चोळायचे, म्हणजे सगळ्यांना एकदमच येऊन एकदमच जायचा आणि कळप मोकळा. हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मग मी विचार केला, एकट्या ठकीला मोती आले म्हणून तिला कळपातनं काढतात. सगळ्यांनाच आले तर काढणार कुणाला? दुपारी मोठी माणसं पांगलेली बघून मी वाड्यातली सगळी पोरं बाभळीखाली गोळा केली आणि मेंढरं-मेंढरं खेळायला काढलं. मी आप्पा झाले, हातात काठी. घोंगडं म्हणजे जाळी. सगळ्यांना आत कोंडलं, ठकीला मधोमध ठेवलं आणि हुकूम सोडला, की प्रत्येक मेंढरानं ठकीच्या मानेला मान घासून बाहेर यायचं. ठकीला गुदगुल्या होत होत्या. ती एवढी हसली की तिला उचकी लागली. मी काठी टेकवून उभी, जणू पाच गावची वैदीण.

माझं काम एवढं चोख झालं होतं, की ते मी लपवून ठेवणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी मी स्वतः जाऊन आप्पांना सांगितलं, की आता काळजी करू नका, मी सगळ्यांना लावून घेतलंय, तुम्ही माव्याला लावता तसंच. आप्पांनी तोंडावरून हात फिरवला तो बराच वेळ खाली घेतला नाही. ते आत रागावले होते की हसत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बायकांनी मात्र आपापली पोरं धरून लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अशी खरडली, की दोन दिवस वाडाभर कडू वास. आणि फजिती अशी, की मोती काही कुणाला आलेच नाहीत. मी रोज सकाळी एकेकाच्या माना तपासत हिंडायची. सगळी पोरं गुळगुळीत. मी स्वतः ठकीला चिकटून झोपत होते, मलासुद्धा नाही. निघायचा दिवस आला आणि माझं वैद्यकीचं दुकान बसलं.

मांडवगणला आम्हाला पोचवायला आई स्वतः आली. आप्पांनी सांगितलं होतं, लेकरू फडक्यात गुंडाळून ने. आईनं फडकं डोक्यावर घेतलं, चुंबळीसारखं, आणि ठकीला उघडीच डाव्या कमरेवर घेतली. सबंध वाट ती तशीच. ठकीची उघडी काख आणि आईचा गोंदलेला हात, घामानं एकमेकांना चिकटलेले. आत्याच्या दारात आल्यावर आईनं तिला लगेच खाली ठेवलं नाही. आत्यानं गोठ्यातलं म्हशीचं रेडकू दाखवलं, ठकी त्याच्याकडं धावली, आणि रेडकाचं कौतुक संपवून ती वळली तोवर आई निघून गेली होती. माझ्या डोक्यावर तिनं हात ठेवला होता तो मला कळलाच नाही, कारण मीही रेडकूच बघत होते.

आत्याचं घर बागायतदाराचं. तिच्या सासऱ्यांच्या काळातच मेंढरं विकून जमिनी केल्या होत्या. खालच्या अंगाला नदी, मळ्यात ऊस, घरात ज्वारीची कणगी, आणि जेवायला रोज भाजी. मी पहिल्या दिवशी एवढी वांगी खाल्ली, की रात्री पोट धरून बसले आणि म्हणाले, हे आईच्या आठवणीनं दुखतंय. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते म्हणाले, "आठवन लय झालीया पोरीला. उद्या एकच भाकरी वाढा." आत्या आमची मायाळू, पण उतावळी. तिनं दारावर लिंबाचे डहाळे बांधले. गावाबाहेरच्या दगडाला मीठ वाहिलं, चामखीळ जाण्यासाठी वाहतात तसं. मोत्याला घोड्याचा केस बांधून बघितला, पण मोत्याला चामखिळीसारखी मान नसते, केस निसटून जायचा. शेवटी एका मोत्यावर रुईचा चीक लावला. ठकीनं जी किंकाळी फोडली, की मामा मळ्यातून धावत आले. त्यानंतर त्यांनी ठरवलं, की आता दौंडला डॉक्टरला दाखवायचं.

दौंडला जाणं म्हणजे आधी होडीनं नदी ओलांडायची आणि पुढं बैलगाडी. ठकी आत्याच्या मांडीवर, मी गाडीच्या मागं पाय सोडून. दौंडच्या स्टेशनाशी इंजिन उभं होतं, काळं, घामेजलेलं, पोटातून वाफ सोडणारं. त्यानं शिट्टी मारली आणि ठकीनं त्याला तशीच्या तशी परत मारली. फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. मी एका हमालाला विचारलं, ही गाडी कोकणात जाते का. तो म्हणाला, मुंबईला जाते, का, तुला कुठं जायचंय? मी म्हटलं, आमचा वाडा जिथं असेल तिथं. तो निघून गेला.

डॉक्टर चष्मेवाले आणि हळू बोलणारे. त्यांनी ठकीचा हात धरला, काखेत बोट फिरवलं, एकेक मोती चाचपून बघितला. आप्पांनी हात लावला नव्हता, त्यामुळं मला हे फार मोठं काम वाटलं. ते म्हणाले, "देवी नाही. कांजिण्याही नाहीत. कातडीवरचं दुखणं आहे, अंगाला अंग लागून एकाचं दुसऱ्याला होतं. याला औषध नको. खाजवू द्यायचं नाही, फोडायचं नाही, अंथरूण-पांघरूण वेगळं आणि उकळत्या पाण्यात धुतलेलं. आपोआप जातं."

"कवा?" आत्यानं विचारलं.

"त्याला वाटेल तेव्हा. बरेच महिने लागतात."

"आन् सुई?"

"सुई नाही."

आत्याचा चेहरा उतरला. एवढी नदी ओलांडून आलो आणि सुईसुद्धा नाही. मला मात्र त्यांच्या बोलण्यातलं पहिलंच वाक्य पुरेसं होतं. देवी नाही, म्हणजे आप्पांचं म्हणणं चूक, म्हणजे आम्ही कोकणात जायला मोकळ्या. मी विचारलं, मग आता आम्हाला आईकडं कधी पाठवणार. डॉक्टरांनी आत्याकडं बघितलं, आत्यानं मामांकडं, आणि मामांनी मला स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात नेऊन चहात बुडवून पाव खायला दिला. मग समजावलं, की वाडा आज ज्या रानात आहे तिथं उद्या नसतो, त्याला ना गाव ना पत्ता, तुला नेऊन सोडायचं कुठं? पाव गोड लागत होता आणि त्याचा मला राग येत होता. परतीच्या वाटेवर मी कुणाशी बोलले नाही. होडीत बसल्यावर फक्त दुसरा पाव मागितला.

परवा आमच्या नातीच्या पोटावर हेच मोती निघाले, सई तिचं नाव, बालवाडीत जाते. सूनबाई घाबरल्या. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि बाकी तेच, दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ते. खाजवू नका, टॉवेल वेगळा, आपोआप जातं. मी म्हटलं, हे मीच सांगितलं असतं, माझी फी कुठाय? सूनबाई हसल्या, पण बाथरूमच्या खिळ्यांवर टॉवेल वेगळे झाले, आणि मला प्रेमानंच सांगितलं गेलं, की आई, सईला थोडे दिवस कुशीत घेऊन झोपू नका. बरोबरच आहे त्यांचं. मी कुठं नाही म्हणते.

दौंडहून आल्यावर आत्यानं डॉक्टरांचा शब्द पाळायचा म्हणून चूल पेटवली, हंडा चढवला, आणि आमचं घोंगडं उकळत्या पाण्यात घातलं. वडलांनी निघताना ते आमच्यासाठी ठेवलं होतं. त्याला मेंढरांचा, धुराचा आणि आईचा वास होता. मी रोज त्याच्या एका कोपऱ्यात नाक खुपसून झोपायची आणि तो कोपरा ठकीला देत नव्हते. लोकरीचं घोंगडं उकळत्या पाण्यात घालत नाहीत हे धनगराच्या लेकीला सांगावं लागत नाही. आत्याही धनगराचीच लेक. पण डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर तिनं डोळे मिटून घातलं. बाहेर काढलं तेव्हा ते आटून, घट्ट होऊन, ठकीपुरतंच उरलं होतं. वासाच्या जागी वाफेचा वास. मी भोकाड पसरलं. आत्याला वाटलं, पांघरायला राहिलं नाही म्हणून रडते. तिनं मला नवी वाकळ दिली. नव्या वाकळीत मी एवढी ऊबदार झोपले, की सकाळी मला माझीच लाज वाटली.

मग दिवस जात राहिले. ठकीनं खाजवू नये म्हणून आत्या तिच्या हातांना मामांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या बांधायची, आणि राखणीला मी. दिवसातून मी किती वेळा तेच ते म्हणत असेन, खाजवायचं न्हाई, आपलं आपून जातंय. ठकीनं ते पाठ केलं. ती बाहुलीला सांगायची, रेडकाला सांगायची. दारचा कुत्रा पिसवांनी हैराण होऊन मागच्या पायानं कान खाजवायला लागला, की ही चिंध्यांचे हात कमरेवर ठेवून त्याच्यापुढं उभी राहायची. मामांनी मला गावच्या शाळेत घातलं. मागं राहिले म्हणून तर पाटी हातात आली. वाड्याबरोबर गेले असते तर आज हे लिहायला कुणाला तरी सांगावं लागलं असतं. पण तेव्हा शाळेतून परत येताना मी एकच बघायची, ठकीचे मोती किती राहिले. ते जायला लागले होते. एखादा लाल व्हायचा, सुजायचा, मी घाबरायची, आणि चार दिवसांनी तिथं नुसती गुलाबी जागा.

मोत्यांबरोबर आणखी काहीतरी जात होतं, आणि ते मला उशिरा कळलं. एके दिवशी ठकी आत्याच्या पाठीवर लोंबकळत तिला आय म्हणाली. मी म्हटलं, आय न्हाई, आत्या. ती म्हणाली, आय. मी तिला संध्याकाळी ओट्यावर बसवून आईची उजळणी करायला लागले. आईच्या हातावर काय गोंदलंय? आई मेंढरांना कशी हाक मारते? ठकी आधी उत्तरं द्यायची, मग नुसती हो म्हणायची, आणि पुढं पुढं मधेच उठून रेडकाकडं जायची. मग माझ्या ध्यानात आलं, की आईच्या हातावरची तुळस कोपराच्या बाजूला झुकलेली की बोटांच्या, हे मलाही सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून मी उजळणी बंद केली.

कोकणातून खबर आली ती मामांच्या ओळखीच्या एका मेंढरांच्या व्यापाऱ्याकडून. तो चहाला बसला आणि म्हणाला, तुमच्या सासरवाडीच्या वाड्याची गंमत झालीय. घाट उतरले, आणि बऱ्याच दिवसांनी एकेका पोराच्या मानेवर दाणे दिसायला लागले. सगळ्या पोरांच्या. आप्पांच्या मानेवरसुद्धा दोन, नातू मानेवर बसवून हिंडतात म्हणून. मामांना एवढं हसू आलं, की चहा नाकात गेला. "वैदीणबाई," ते मला म्हणाले, "तुमचं औषध लागू पडलं की." माझं गणित बरोबर होतं, फक्त ते पिकायला किती वेळ घेतं हे मला ठाऊक नव्हतं. ज्या मोत्यांसाठी आम्हाला मागं ठेवलं, ते मोती घेऊन सगळा वाडा कोकणात हिंडत होता आणि कुणी कुणाला कळपातनं काढत नव्हतं. मी विचारलं, आणि आमची आई? बरी हाय की, तो म्हणाला, आणि मेंढरांच्या भावाचं बोलायला लागला.

वाडा परत आला तेव्हा ऊन माजलेलं होतं. नदीच्या बाजूनं आधी घंटा ऐकू आल्या, मग कुत्री, मग धूळ. मेंढरं नदीकाठीच थांबली, आणि आई माझ्या चुलतीला घेऊन पुढं चालत आली. काळी झालेली, वाळलेली, हातात आमसुलांचं गाठोडं. मी धावले खरी, पण जवळ गेल्यावर मला एकदम परकं वाटलं आणि मी गाठोडंच हातात घेतलं. ठकीच्या अंगावर आता एकही मोती नव्हता. ती आत्याच्या लुगड्यामागं उभी राहिली आणि आत्याला विचारलं, "कोन हाय ती?"

आईनं ते ऐकलं. आत्या कानकोंडी झाली, ठकीला पुढं ढकलायला लागली, अगं आय तुझी, जा की. ठकीनं तोंड वासलं, ती कोल्हीण आता सुरू होणार एवढ्यात आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वन्सं." आणि ओट्याच्या कडेला बसली. पाणी घेतलं. कोकणातलं काहीबाही सांगायला लागली, कुठं पाणी मिळालं, कुठली मेंढी व्याली. ठकीकडं बघत नव्हती. चुलतीनं मधेच सांगितलं, की सगळ्या पोरांना रुईचा चीक लावून झाला, पण हिच्या हातावर जे आले होते त्यांना ही हात लावू देईना, आप्पांनी स्वतः पान आणलं तर उठून गेली. आईचं बोलणं अडलं की तिचा हात काहीतरी करत राहायचा; तसा तिचा उजवा हात डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला गेला आणि ती नकळत खाजवायला लागली.

लुगड्यामागून आवाज आला, "खाजवायचं न्हाई."

आईचा हात थांबला. ठकी बाहेर आली, कमरेवर हात ठेवून, कुत्र्यापुढं उभी राहायची तशीच. तिनं आईचं मनगट धरून बाजूला केलं आणि कोपराच्या आत वाकून बघितलं. गोंदलेल्या तुळशीच्या वर एकच मोती उरला होता. बोटांच्या बाजूला झुकलेली होती तुळस. मी बघून घेतलं.

"आपलं आपून जातंय," ठकी म्हणाली. "कुनी दिला?"

"हाय एक पोरगी," आई म्हणाली.

ठकीनं थोडा विचार केला. मग घरात गेली आणि धोतराच्या चिंध्या घेऊन आली. आईच्या मांडीला टेकून उभी राहिली आणि आईचा उजवा हात गुंडाळायला लागली, जीभ बाहेर काढून, माझ्यासारखंच रागावत. आईनं हात लांब करून दिला. बोटं, मनगट, सगळं गुंडाळून झालं, तरी आई म्हणाली, अजून जरा घट्ट.

यातलं ठकीला काहीही आठवत नाही. ती आता दौंडला असते, नातवंडांची धनीण, आणि मी फोनवर सांगायला लागले की म्हणते, अक्का, तू पदरचं घालतीस. घालत असेन. पण त्या मोत्यापायी मला तिचा हेवा वाटतो तो वाटतोच. सईला कुशीत घेऊ नका असं मला सांगितलंय, तरी दुपारी, सूनबाई कामावर गेल्या की, मी थोडी घेते. आणि सकाळी गॅलरीतल्या उन्हात बसून कोपराच्या आत बघते. अजून तरी काही नाही. तेव्हाही माझ्या अंगावर एक मोती आला नाही, आणि त्या संध्याकाळी ओट्यावर मी माझे दोन्ही रिकामे हात आईपुढं धरले होते ते हेच दाखवायला. आईनं ते बघितले आणि म्हणाली, तुझं बेस झालं बाई.

मग आत्यानं ताट वाढून आणलं. खाली नदीकाठी मेंढ्या आणि कोकरं सोडली होती, सगळा काठ ओरडत होता. आईच्या उजव्या हाताला चिंध्या, आणि त्या सोडायला ठकी तयार नाही. तेव्हा ठकीनं भाकरी मोडली, कालवणात बुडवली, आणि आईला म्हणाली, आ कर. आईनं केला. खालचा ओरडा हळूहळू कमी होत गेला, आणि माझी आई माझ्या बहिणीच्या हातून, एकेक घास, सबंध भाकरी जेवली.